सोडून जाणे की सोडविणे?

शास्त्रपाठ : निर्गम २३:४-५, अनुवाद २२:१-४, नीतिसूत्रे १२:१०, लूक १३:१०-१७, लूक १४:१-६

मुक्या प्राण्यांविषयी शास्त्रात काय सांगितले आहे, असा प्रश्न मंडळीत क्वचितच निघतो. निघालाच तर 'हा दयाळू स्वभावाच्या लोकांचा विषय, त्याचा विश्वासाशी काय संबंध?' असे म्हणून तो बाजूला ठेवण्यात येतो. परंतु वर दिलेले शास्त्रभाग जवळजवळ ठेवून वाचले, तर तेथे स्वभावाची गोष्ट नसून आज्ञेची गोष्ट आहे, हे लक्षात येते. ही आज्ञा याजकाला किंवा राजाला दिलेली नाही, तर वाटेने चाललेल्या सामान्य माणसाला दिलेली आहे. या पाठात आपण प्रथम त्या आज्ञेतील शब्द पाहू. नंतर मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहरातील काही सामान्य माणसांनी अशाच प्रसंगी काय केले ते पाहू. आणि शेवटी आपल्यापुढील कर्तव्याचा विचार करू.

१. एका क्रियापदाची दोन तोंडे

निर्गम २३ व्या अध्यायातील प्रसंग अगदी साधा आहे. आपला द्वेष करणाऱ्या माणसाचे गाढव ओझ्याखाली दबून पडलेले दिसते. मालकाशी वैर आहे. अशा वेळी पाय पुढे टाकून निघून जाणे हे मनाला सर्वांत सोपे वाटते. नियमशास्त्र नेमके त्या क्षणी आपली वाट अडवते.

येथे मूळ इब्री वचनात 'आझव' हे क्रियापद तीन वेळा येते. त्याचा नेहमीचा अर्थ 'सोडणे, टाकून जाणे' असा आहे. परंतु या वचनात संदर्भ साह्य करण्याचा आहे. म्हणून भाषांतरकारांना येथे थांबून विचार करावा लागतो. काही अभ्यासक या ठिकाणी निराळ्याच अर्थाचे दुसरे मूळ मानतात, तर काही म्हणतात की, ओझ्याचे बंध मोकळे करणे या अर्थाने हाच शब्द मुद्दाम उलट वळवून वापरला आहे. इंग्रजीसारख्या भाषेत ही अडचण समजावून सांगण्यास टीप द्यावी लागते. मराठीला मात्र ती घरचीच आहे. आपण 'सोडून गेला' असेही म्हणतो आणि 'दावे सोडले' असेही म्हणतो. धातू एकच; परंतु एका वाक्यात पाठ फिरवलेली असते, तर दुसऱ्यात हात गाठीवर असतो. जणू नियमशास्त्र म्हणते की, तुला सोडावयाचेच आहे ना? मग त्याला सोडून जाऊ नकोस, त्याला सोडव.

याच वचनातील आणखी एक लहान शब्द दुर्लक्षिण्यासारखा नाही. तो म्हणजे 'इम्मो', अर्थात 'त्याच्यासह'. गाढव उठवावयाचे ते मालकाच्या सोबतीने. यहूदी शास्त्र्यांनी मिशना या ग्रंथात याचा बारकाईने विचार केला. मालक बाजूला बसून 'आज्ञा तुला आहे, तू कर' असे म्हणू लागला, तर वाटसरू त्या कर्तव्यातून मोकळा आहे. परंतु मालक म्हातारा किंवा आजारी असेल तर मोकळा नाही, असा त्यांचा निर्णय आहे. म्हणजे या आज्ञेत दोन गोष्टी एकाच वेळी साधतात. जनावर उभे राहते, आणि दोन वैरी एकाच ओझ्याला हात लावतात.

२. अंग चोरू नकोस

अनुवाद २२ व्या अध्यायात तीच आज्ञा पुन्हा आली आहे. मात्र येथे 'वैरी' या शब्दाऐवजी 'भाऊ' हा शब्द आहे. बहकलेला बैल किंवा मेंढरू दिसले तर ते परत पोहोचवावे. मालक दूर असेल किंवा माहीत नसेल तर तो शोधीत येईपर्यंत ते आपल्या घरी सांभाळावे, असे येथे सांगितले आहे. सांभाळणे म्हणजे चारापाणी आले, जागा आली, कटकट आली. शास्त्र हा खर्च लपवीत नाही.

या भागात जे क्रियापद मनाई म्हणून आले आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'स्वतःला लपविणे' असा होतो. माणूस बैलाला लपवीत नाही. तो स्वतःला बैलापासून लपवितो. यास मराठीत 'अंग चोरणे' हा नेमका वाक्प्रचार आहे. ज्याने पाहिलेच नाही तो दोषी नाही. ज्याने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले, त्याच्याविषयी ही आज्ञा आहे. तिसऱ्या वचनाच्या शेवटी तर इब्री रचना अशी आहे की, 'तू असे करू नये' यापेक्षा 'तुला असे करताच येणार नाही' असा तिचा ध्वनी निघतो. देवाच्या लोकांपैकी असणे आणि अंग चोरणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

३. मद्रासमधील एक पूर

आता एका प्रत्यक्ष घटनेकडे वळू. १९५९ साली मद्रास शहरात अतिवृष्टीने पाणी साचले होते. कॅप्टन व्ही. सुंदरम् या वैमानिकास त्या पाण्यात दोन कुत्र्याची पिल्ले गटांगळ्या खाताना दिसली. त्यांनी ती उचलून घरी आणली. त्यांच्या पत्नी उषा सुंदरम् याही वैमानिक होत्या. भारतातील आरंभीच्या महिला वैमानिकांत त्यांची गणना होते. या दांपत्याने व त्यांच्या मुलांनी घरातच जखमी व टाकून दिलेल्या प्राण्यांची शुश्रूषा सुरू केली. त्यातूनच 'ब्लू क्रॉस ऑफ इंडिया' ही संस्था उभी राहिली. पुढे गिंडी-वेळचेरी भागात तिचे रुग्णालय व निवारा झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे कुटुंब पशुवैद्यांचे नव्हते. पुराच्या पाण्यात दोन पिल्ले बुडताना दिसली, त्या वेळी कॅप्टन सुंदरम् यांच्यापुढे संस्था, नियमावली किंवा निधी यांपैकी काहीही नव्हते. जे होते ते इतकेच की, त्यांनी पाहिले आणि अंग चोरले नाही. पुढची सर्व वाट त्या एका कृतीतून निघाली.

तेच शहर २०१५ च्या डिसेंबरात पुन्हा पाण्याखाली गेले. अनेक कुटुंबे आपले पाळीव प्राणी मागे ठेवून घर सोडण्यास तयार होईनात. तर कित्येक प्राणी बांधलेले किंवा कोंडलेले मागेच राहिले. त्या दिवसांत ब्लू क्रॉसचे व इतर संस्थांचे स्वयंसेवक, आणि कोणत्याही संस्थेत नसलेली तरुण मुले-मुली, पाण्यातून वाट काढीत कुत्री, मांजरे, गुरे बाहेर काढीत होती. पूर येताना जो मालक घाईत निघून गेला त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु मागे बांधलेल्या जनावराला त्या क्षणी दोषारोपाचा उपयोग नसतो. त्याला दावे सोडणारा हात हवा असतो.

४. नीतिमान 'जाणतो'

नीतिसूत्रे १२:१० हे वचन प्राण्यांविषयीच्या चर्चेत वारंवार उद्धृत होते. बहुतेक वाचकांच्या मनात त्याचा भाव 'चांगला माणूस जनावरांवर दया करतो' असा ठसलेला असतो. मूळ शब्द त्याहून खोल आहेत. तेथे 'दया करतो' असे क्रियापद नाही. 'जाणतो' असे आहे. आणि काय जाणतो? आपल्या पशूचा 'नेफेश', म्हणजे जीव, त्याची भूक, त्याचा थकवा, त्याची भीती. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जलचरांस व पशूंस जे शब्द लावले आहेत, तेच 'नेफेश हाय्या', म्हणजे जिवंत प्राणी, हे शब्द दुसऱ्या अध्यायात मनुष्यासही लावले आहेत. भाषांतरात हे साम्य पुष्कळदा झाकले जाते.

वचनाचा उत्तरार्ध आणखी विचार करावयास लावतो. दुष्टाचा कळवळादेखील क्रूर असतो, असे तेथे सुचविले आहे. येथील 'रहमीम' हा शब्द गर्भाशयवाचक शब्दाशी नाते सांगणारा, म्हणजे पोटातून येणाऱ्या मायेचा आहे. मग माया क्रूर कशी होईल? जेव्हा तिच्यामागे जाणणे नसते तेव्हा. याचा पडताळा पाहावयाचा असेल तर पुन्हा मद्रासकडे पाहू.

भटक्या कुत्र्यांपासून नागरिकांस पिसाळरोगाचा, म्हणजे रेबीजचा धोका असतो, हे निर्विवाद आहे. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. मद्रासमध्ये या कारणासाठी कुत्री पकडून मारण्याची पद्धत १८६० पासून चालू होती. पुढे त्यासाठी विजेचा धक्का देण्यात येऊ लागला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दिवसाला शंभराहून अधिक कुत्री मारली जात होती. हेतू नागरिकांच्या रक्षणाचा होता. परंतु कॅप्टन सुंदरम् यांचे पुत्र डॉ. एस. चिन्नी कृष्ण, जे व्यवसायाने अभियंता होते, यांनी साधा प्रश्न विचारला : इतकी वर्षे इतकी कुत्री मारूनही संख्या का घटत नाही? उत्तर असे होते की, जेथे उकिरड्यावर अन्न आहे तेथे मोकळी झालेली जागा फार काळ रिकामी राहत नाही. शेजारच्या भागातील कुत्री तेथे येतात, उरलेल्या माद्यांची पिल्ले अधिक प्रमाणात जगतात, आणि नव्याने आलेली कुत्री लस न टोचलेली असतात.

म्हणून ब्लू क्रॉसने १९६४ पासून निराळा मार्ग सुचविला. कुत्रे पकडावे, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच पाडावी व जेथून आणले तेथेच परत सोडावे. ते आपली जागा राखते, नव्या कुत्र्यांना येऊ देत नाही, आणि स्वतः रोग पसरवू शकत नाही. एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. महानगरपालिकेने हा मार्ग स्वीकारावा यासाठी त्या मंडळींना तीन दशकांहून अधिक काळ अर्जविनंत्या कराव्या लागल्या. अखेर १९९६ साली, म्हणजे ज्या वर्षी शहराचे नाव चेन्नई झाले त्याच वर्षी, तेथे मारण्याऐवजी ही योजना राबविण्यास आरंभ झाला. २००१ साली केंद्र सरकारने याच धर्तीवर देशभरासाठी नियम केले, आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले.

तरी काम संपले असे कोणी समजू नये. २०२४ च्या पाहणीत चेन्नईत सुमारे १ लाख ८० हजार भटकी कुत्री आढळली व त्यांपैकी एकतृतीयांश कुत्र्यांचीही नसबंदी झालेली नव्हती. वाढत्या शहराबरोबर काम सतत वाढवावे लागते. ते मंदावले की संख्या पुन्हा चढते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आधीच्या आदेशात बदल करून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता बाकीची, नसबंदी व लसीकरणानंतर त्यांच्याच भागात सोडावीत आणि त्यांना नेमून दिलेल्या जागीच खाऊ घालावे, असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री तेथून हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. यातून दिसते ते हे की, भयभीत पालक आणि प्राणिमित्र या दोघांचे म्हणणे एकाच वेळी ऐकावे लागते.

आता नीतिसूत्राकडे परत येऊ. जो दररोज पोळ्यांचे तुकडे टाकतो, परंतु त्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे की नाही, लस टोचली आहे की नाही याची चौकशी करीत नाही, त्याची माया सहा महिन्यांनी आठ पिल्लांना रस्त्यावर आणते, आणि त्यांतील बहुतेक चाकाखाली मरतात. हाच तो न जाणणारा कळवळा. उलट, नीतिमान 'जाणतो' याचा अर्थ तो विचारतो, शिकतो, तपासतो, आणि मग हात पुढे करतो.

५. प्रभूचा शब्बाथ आणि गव्हाणीचे दावे

लूक १३ मध्ये अठरा वर्षे वाकलेल्या स्त्रीला प्रभू येशू शब्बाथ दिवशी बरे करतो. सभास्थानाचा अधिकारी रागावतो. तेव्हा प्रभू त्याला त्याच्याच घरातील नित्याची गोष्ट दाखवितो : शब्बाथ असला तरी प्रत्येक जण आपला बैल किंवा गाढव गव्हाणीपासून सोडून पाण्यावर नेतोच. मूळ ग्रीकमध्ये बैलाचे दावे 'सोडणे' आणि त्या स्त्रीला बंधनातून 'सोडणे' यांसाठी एकच क्रियापद आहे. पुन्हा तोच आपला मराठी धातू! प्रभूचे बोलणे 'जनावर क्षुल्लक, म्हणून त्याचा विचार सोडा' असे नाही. 'जनावराची तहान तुम्हांला कळते, हे योग्यच आहे. मग या अब्राहामाच्या कन्येचे बंधन का कळत नाही?' असा त्याचा रोख आहे. जनावरावरील दया हा त्या युक्तिवादाचा पाया आहे. पाया काढून घेतला तर वरची भिंतच पडते.

लूक १४ मध्ये विहिरीत पडलेल्याला शब्बाथ दिवशी वर काढण्याचा उल्लेख आहे. तेथे काही जुन्या हस्तलिखितांत 'पुत्र किंवा बैल' असे आहे, तर काहींत 'गाढव किंवा बैल' असे आहे. कोणता पाठ मूळचा याविषयी अभ्यासकांत चर्चा आहे. परंतु दोन्ही पाठांत एक गोष्ट समान आहे : विहिरीत पडलेल्याला ताबडतोब वर काढावयाचे असते, आणि त्यासाठी कोणी नियमाचे पुस्तक उघडीत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या खेड्यांत हे समजावून सांगण्याची गरज नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीने चोळण्याची खांदेमळणीची रीत, पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू न ठेवण्याची रीत, यांमागे श्रमणाऱ्या जिवाची जाण आहे. इस्राएलाला मात्र ही विश्रांती वर्षातून एकदा नव्हे, तर दर सातव्या दिवशी द्यावयाची होती. निर्गम २३:१२ मध्ये शब्बाथाचे कारण सांगताना बैल व गाढव यांचे नाव दासीपुत्राच्या व परदेशीयाच्याही आधी आले आहे. तद्वतच, मळणीच्या बैलाला मुसके न घालण्याची आज्ञा (अनुवाद २५:४) ही, ज्याच्या श्रमाने खळे भरते त्याच्या तोंडाला कुलूप लावू नये, या न्यायाने दिलेली आहे.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जातो की, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने हाच मुसक्याचा नियम घेऊन, देवाला बैलांची काळजी आहे काय, असा प्रश्न केला आहे. तेव्हा प्राण्यांविषयीचा मुद्दा तेथेच निकालात निघाला. परंतु पौलाचा युक्तिवाद लहानाकडून मोठ्याकडे जाणारा आहे. बैलाला खाण्याचा हक्क आहे हे गृहीत धरल्याशिवाय सुवार्तेच्या कामकऱ्याचा हक्क सिद्धच होत नाही. ज्या परमेश्वराने निनवेविषयी योनाशी बोलताना, डावे-उजवे न कळणाऱ्या लोकांबरोबर पुष्कळशा गुराढोरांचाही उल्लेख केला, आणि योनाचे पुस्तक त्याच शब्दांवर संपविले, त्याला बैलांची काळजी नाही असे पौल म्हणेल हे संभवत नाही.

दुसरा आक्षेप उत्पत्ति १:२८ मधील सत्तेचा आहे. देवाने मनुष्याला प्राण्यांवर सत्ता दिली, मग हवे तसे वागविण्यास हरकत कोणती? येथील 'रादा' हे इब्री क्रियापद यहेज्केल ३४:४ मध्येही आले आहे. तेथे दुबळ्या मेंढरांस बळ न देणाऱ्या, जखमीला पट्टी न बांधणाऱ्या आणि कठोरपणे सत्ता गाजविणाऱ्या मेंढपाळांचा देव निषेध करतो. तेच क्रियापद स्तोत्र ७२ मध्ये दीनांना सोडविणाऱ्या राजाविषयीही आहे. सत्ता दिली आहे हे खरे; ती कोणत्या रीतीने चालवावी हेही शास्त्रानेच सांगितले आहे. बलाम हातात काठी घेऊन गाढवीला तीनदा मारतो, तेव्हा दूत प्रथम त्याला त्या तीन वेळांचाच जाब विचारतो (गणना २२:३२). सत्ता बलामाकडे होती. परंतु वाटेत उभा असलेला दूत गाढवीला दिसला होता, बलामाला नव्हे.

७. मंडळीबाहेरचे शेजारी

आणखी एक गोष्ट नम्रपणे मान्य केली पाहिजे. आपल्या देशात या कामी पुढे झालेले पुष्कळ लोक ख्रिस्ती नव्हते. मुंबईत परळ येथे १८८३ साली स्थापन झालेले बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय पारशी औदार्याचे फळ आहे. मद्रासच्या कलाक्षेत्राच्या संस्थापिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेच्या सदस्य असताना प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध विधेयक मांडले. सरकार स्वतः कायदा करील, असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा त्यातून आला. १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय पशुकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या.

आपल्याकडेही उदाहरणे आहेत. १८२४ साली लंडनमध्ये जगातील पहिली मोठी प्राणिरक्षक संस्था स्थापन करण्यात आर्थर ब्रूम हे पाळक अग्रभागी होते. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे विल्बरफोर्सही तेथे होते. संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना १८२६ साली तुरुंगात जावे लागले. दयेची किंमत कोणी तरी मोजावी लागते. परंतु चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक व लेवी पलीकडून निघून जातात आणि परका माणूस थांबतो, हे आपण विसरू नये. दाखला ऐकताना आपण स्वतःला सहजच शोमरोन्याच्या जागी बसवितो. या बाबतीत तरी मंडळीने आपली जागा कोणती, हे तपासून पाहावे.

८. आपण काय करावे?

२०१६ च्या जुलैमध्ये चेन्नईच्या उपनगरातील एक चित्रफीत सर्वत्र पसरली. एक तरुण गच्चीवरून कुत्रीला खाली फेकीत होता आणि दुसरा चित्रण करीत होता. दोघेही वैद्यकीय विद्यार्थी होते. लोक संतापले, परंतु काही जण संतापावर थांबले नाहीत. ते त्या वस्तीत गेले, विचारपूस करीत फिरले आणि हाडे मोडलेल्या स्थितीत जिवंत असलेली ती कुत्री त्यांना सापडली. तिच्यावर उपचार झाले. तिला भद्रा हे नाव मिळाले. १९६० च्या कायद्यात अशा छळाच्या पहिल्या गुन्ह्यास जास्तीत जास्त ५० रुपये दंड आहे, हे अनेकांना त्या वेळी प्रथमच कळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार मात्र प्राण्यास ठार मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या सर्वांवरून काही गोष्टी आपण घरी, शाळेत व मंडळीत अमलात आणू शकतो.

(अ) थांबणे. जखमी जनावर दिसल्यास प्रथम रहदारी टाळून त्याला सावलीत न्यावे. वेदनेने व्याकूळ झालेला प्राणी ओळखीच्या माणसालाही चावू शकतो, म्हणून अंगावर जाड कापड टाकून मगच उचलावे. बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात पाणी ओतू नये; ते श्वासनलिकेत जाते. जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे हे आधीच माहीत करून घ्यावे.

(आ) स्वतःची काळजी घेणे. चावा किंवा ओरखडा बसल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. हळद, तिखट, चुना असे काहीही लावू नये.

(इ) मालकासह उचलणे. कृश बैल किंवा उन्हात साखळीला बांधलेला कुत्रा दिसला, तर प्रथम मालकाशी प्रेमाने बोलावे. पुष्कळदा दुष्टपणा नसून दारिद्र्य, आजारपण किंवा अज्ञान असते. चारा, औषध किंवा दवाखान्यापर्यंतची सोबत देता येते. 'इम्मो' हा शब्द येथे स्मरावा. एवढे करूनही छळ थांबत नसेल तर पोलिसांत तक्रार करण्यास कचरू नये.

(ई) जाणून खाऊ घालणे. आपल्या आळीतील कुत्र्यांच्या कानाला खाच आहे की नाही ते पाहावे. नसेल तर नगरपालिकेला किंवा प्राणिरक्षक संस्थेला कळवावे. मुलांच्या खेळण्याच्या व वृद्धांच्या येण्याजाण्याच्या जागा टाळून खाऊ घालावे. ज्या शेजाऱ्याला कुत्र्याचे भय वाटते, तोही आपला शेजारीच आहे.

(उ) मुलांना शिकविणे. मुक्या जिवावर दगड मारणारा हात तेथेच थांबेल अशी खात्री देता येत नाही; आणि तहानलेल्या पाखराला पाणी ठेवणारा हातही तेथेच थांबत नाही. रविवारच्या शाळेने रिबकेने उंटांना पाणी पाजले ती गोष्ट (उत्पत्ति २४) सांगताना, दहा उंट किती पाणी पितात आणि ते विहिरीतून काढून आणण्यास किती श्रम पडतात, हे मुलांकडून मोजवून घ्यावे.

शेवटी एक लहानसा हिशेब. मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट, तिची किंमत बाजारात शून्य. प्रभू सांगतो की देवाला तिचाही विसर पडत नाही. आपल्या रस्त्यांवर, गोठ्यांत व उकिरड्यांवर अशा पाचव्या चिमण्या पुष्कळ आहेत. त्या दिसल्यावर आपण त्यांना सोडून जातो की सोडवितो, एवढाच प्रश्न आज्ञेने आपल्यापुढे ठेवला आहे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. निर्गम २३:४-५ मध्ये 'वैरी' आणि अनुवाद २२:१-४ मध्ये 'भाऊ' असे का असावे? या दोन्ही भागांचा एकत्र विचार केल्यास कोणता माणूस आज्ञेच्या बाहेर राहतो?

२. 'दया करणे' आणि 'जाणणे' यांत कोणता फरक आहे? न जाणता केलेल्या दयेची आपल्या गावातील उदाहरणे सांगा.

३. लूक १३:१५-१६ मधील युक्तिवाद आपल्या शब्दांत मांडा. जनावराची काळजी माणसाच्या काळजीआड येते, असे प्रभूच्या बोलण्यातून दिसते काय?

४. भटक्या कुत्र्यांमुळे भयभीत झालेले कुटुंब आणि त्यांना खाऊ घालणारे कुटुंब एकाच मंडळीत असेल, तर त्या दोघांनी मिळून कोणते पहिले पाऊल उचलावे?